ऑक्सिजनचा शेअर आणि बाबासाहेबांची पेढी

एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रातली माणसे श्वासासाठी रांगेत उभी होती. रिकामे सिलिंडर मोटारसायकलला बांधून नातेवाईक एका गावातून दुसऱ्या गावाला पळत होते. २१ एप्रिलला नाशिकच्या महापालिका रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, पुरवठा तुटला आणि २० हून अधिक रुग्ण खाटेवरच दगावले. त्याच महिन्यात मुंबईच्या शेअर बाजारात 'बॉम्बे ऑक्सिजन इन्व्हेस्टमेंट्स' नावाच्या कंपनीचा शेअर दिवसेंदिवस वर चढत होता. मार्चअखेर दहा हजार रुपयांच्या आसपास असलेला भाव १९ एप्रिलला साडेचोवीस हजारांच्या पुढे गेला.

या कंपनीचा इतिहास बघा. १९६० साली ती 'बॉम्बे ऑक्सिजन कॉर्पोरेशन' या नावाने स्थापन झाली. ती खरोखरच औद्योगिक वायू तयार करून विकत असे. ऑक्टोबर २०१८ मध्ये तिने नाव बदलले आणि 'कॉर्पोरेशन'च्या जागी 'इन्व्हेस्टमेंट्स' आले. १ ऑगस्ट २०१९ पासून तिने वायूचा धंदा बंदच केला. त्यानंतर शेअर आणि म्युच्युअल फंडांत पैसे गुंतवणे एवढेच तिचे काम उरले. म्हणजे ज्या दिवशी तिचा शेअर साडेचोवीस हजारांवर पोचला, त्या दिवशी तिच्याकडे रुग्णाला देण्यासाठी एक सिलिंडरही नव्हता. यात लपवाछपवीही नव्हती. धंदा बंद केल्याचे कंपनीच्या संकेतस्थळावर लिहिलेले होते. घेणाऱ्यांनी ते वाचले नाही. त्यांनी नावातला 'ऑक्सिजन' वाचला.

त्या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २४८ रुपये होती. या हिशेबाने त्या एका शेअरची किंमत सुमारे ९९ दिवसांची मजुरी होते. त्या वेळी कायद्याने एका ग्रामीण कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांच्या कामाची हमी दिली होती. एका कुटुंबाच्या वर्षभराच्या हमीइतकी किंमत बाजाराने एका नावाला दिली.

हा प्रकार आम्ही इतिहास म्हणून मांडतो आहोत, कारण आपल्या चळवळीत आज शेअर बाजारावरून दोन टोके पडली आहेत. एक टोक म्हणते, शेअर बाजार हा निव्वळ जुगार आहे, भांडवलदारांचा खेळ आहे, आंबेडकरवाद्याने तिकडे फिरकूच नये. दुसरे टोक म्हणते, सरकारी नोकऱ्या संपल्या, आरक्षण कागदावर राहिले, आता मोबाइलवर ट्रेडिंग करून श्रीमंत होणे हीच खरी क्रांती. दोन्ही बाजू बाबासाहेबांचे नाव घेतात. पण बाबासाहेबांनी स्वतः शेअर बाजाराशी संबंधित एक पेढी काढली होती, हे दोन्हीकडच्या फार थोड्यांना ठाऊक असते.

१९१८ ची पेढी

ऑगस्ट १९१७ मध्ये बाबासाहेब लंडनहून परतले. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्राचे शिक्षण झालेले होते, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधला अभ्यास शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे अर्धवट सोडावा लागला होता. करारानुसार ते बडोदा संस्थानच्या नोकरीत गेले. तिथे शिपाई दुरून फायली फेकत, राहायला जागा मिळेना, पारशी वसतिगृहातून हाकलले गेले. ही हकिकत आपल्या मुलांना पाठ आहे. पण बडोद्याहून मुंबईला परतल्यावर पोट भरण्यासाठी बाबासाहेबांनी काय केले, याकडे आपण वळत नाही.

धनंजय कीर यांनी लिहिलेल्या चरित्रात याची नोंद आहे. बाबासाहेबांनी शिकवण्या घेतल्या आणि शेअर-रोख्यांच्या व्यवहारात सल्ला देणारी एक पेढी सुरू केली. सुरुवातीला काम मिळू लागले. पण सल्ला देणारा माणूस अस्पृश्य आहे, हे जसे गिऱ्हाइकांना कळत गेले तसे येणे बंद झाले. पेढी गुंडाळावी लागली. पुढे नोव्हेंबर १९१८ मध्ये ते सिडनहॅम कॉलेजात ४५० रुपये पगारावर अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. तिथेही काही सहकारी प्राध्यापकांनी सामाईक भांड्यातले पाणी पिण्यावरून हरकत घेतली.

या प्रसंगाचा अर्थ नीट लावला पाहिजे. त्या काळात मुंबईत शेअर घेणाऱ्या-विकणाऱ्या किती जणांनी कोलंबियात अर्थशास्त्र शिकले होते? सल्ला चुकला म्हणून गिऱ्हाईक गेले असते तर तो धंद्याचा नियम म्हणता आला असता. इथे सल्ल्याचा विचारच झाला नाही, जातीचा झाला. बाजार म्हणजे जिथे फक्त भाव बोलतो, जात बोलत नाही, असे पुस्तकात शिकवतात. १९१८ च्या मुंबईत अर्थशास्त्र शिकलेल्या माणसासमोर तो दावा खोटा ठरला.

तरीही आम्ही एक बारकावा लक्षात घ्यायला सांगू. बाजाराने अस्पृश्याचा पैसा कधीच नाकारला नाही. त्याने अस्पृश्याचे ज्ञान नाकारले. या दोन गोष्टींत जो फरक आहे, तोच या लेखाचा विषय आहे.

मोडनिंबचे रूळ आणि लंडनचे शेअर

आम्ही ज्या भागात काम करतो ते मोडनिंब माढा तालुक्यात, पुणे-सोलापूर महामार्गावर आहे. शेअर बाजार म्हणजे मुंबईची गोष्ट, आपल्या गावाचा त्याच्याशी काय संबंध, असे इथल्या म्हाताऱ्या माणसांना वाटते. पण मोडनिंबमधून जाणारी कुर्डुवाडी-पंढरपूर रेल्वे शेअरच्या पैशावरच उभी राहिली. बार्शी लाईट रेल्वे ही १८९५ साली लंडनमध्ये नोंदलेली कंपनी. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने ती उभी केली. १८९७ मध्ये बार्शीची अरुंद मार्गाची गाडी सुरू झाली आणि १९०६ मध्ये मार्ग पंढरपूरपर्यंत वाढला. १९५४ साली भारत सरकारने ती विकत घेईपर्यंत ही कंपनी खासगीच होती.

पंढरपूरपर्यंत मार्ग वाढवण्यामागे वारकऱ्यांच्या तिकिटांचा हिशेब होता. त्या वारकऱ्यांत महार होते, मांग होते, चांभार होते. तिकीटखिडकीवर त्यांचे पैसे इतरांच्या पैशांइतकेच चालले. गाडीतून उतरून ते पंढरपूरला पोचले की देवळाचे दार त्यांना बंद. चोखोबाच्या काळापासून बंद असलेले ते दार १९४७ साली साने गुरुजींच्या उपोषणानंतर उघडले. म्हणजे चाळीस वर्षे आपल्या पूर्वजांच्या तिकिटाचा पैसा लंडनच्या भागधारकांच्या नफ्यात भर घालत होता आणि त्या कंपनीत, त्या देवळात, त्या गावच्या कारभारात आपल्याला आवाज नव्हता.

पैसा घ्यायचा आणि माणूस बाहेर ठेवायचा, हे या व्यवस्थेचे जुने सूत्र आहे. आजच्या ट्रेडिंग अॅपकडे बघताना हे सूत्र डोळ्यांसमोर ठेवा.

१८६५: बुडाले कोण, सावरले कोण

भारतातला पहिला मोठा शेअर-सट्टा मुंबईत झाला. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि भारताच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैसा ओतू लागला. त्या पैशातून बँका आणि वित्त कंपन्या निघाल्या, समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्या निघाल्या. यातली सर्वांत गाजलेली बॅकबे रेक्लमेशन कंपनी. तिचा ५ हजारांचा शेअर ५० हजारांपर्यंत गेला. जमीन अजून पाण्याखाली होती. प्रेमचंद रायचंद हा या तेजीचा राजा. त्याच्या सहीवर बँका कर्ज देत.

१८६५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतले युद्ध संपले. कापसाचे भाव कोसळले. १ जुलै १८६५ हा वायदे पुरे करण्याचा दिवस होता. त्या दिवशी पैसे द्यायला कोणी नव्हते. बँक ऑफ बॉम्बेचा २,८५० रुपयांपर्यंत गेलेला शेअर ८७ रुपयांवर आला आणि १८६८ मध्ये ती बँकच बुडीत निघाली.

शाळेतल्या पुस्तकात ही गोष्ट इथे संपते. आपण थोडे पुढे जाऊ. तेजीच्या काळात दख्खनच्या शेतकऱ्याला सावकाराने सढळ हाताने कर्ज दिले होते. भाव पडल्यावर तेच कर्ज कोर्टाच्या हुकूमनाम्यांच्या रूपाने त्याच्या दारात आले. सरकारने वाढवलेला शेतसारा वरून होताच. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली आणि ती आग पुणे-नगर जिल्ह्यांत पसरली. त्याच वर्षी, ९ जुलै १८७५ रोजी, मुंबईच्या दलालांनी आपली संघटना स्थापन केली. 'नेटिव्ह शेअर अँड स्टॉक ब्रोकर्स असोसिएशन' हे तिचे नाव. आजच्या मुंबई शेअर बाजाराचे ते मूळ.

एकाच वर्षातल्या या दोन घटना शेजारी ठेवून बघा. तेजी-मंदीचा खेळ खेळणारे दहा वर्षांत सावरले, त्यांनी आपले नियम आणि आपली संस्था उभी केली. प्रेमचंदच्या देणगीतून, त्याच्या आईच्या नावाने, मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर उभा राहिला. ज्यांनी बॅकबेचा शेअर कधी पाहिलाही नव्हता ते शेतकरी तुरुंगात गेले. त्यांच्यासाठी १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. तो ज्या चार जिल्ह्यांना लागू झाला त्यात पुणे, नगर, साताऱ्यासोबत आपला सोलापूर होता. जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तो याच दशकाच्या राखेतून.

आणि ज्यांच्या नावावर जमीनच नव्हती त्यांचे काय? महार-मांगांच्या घरी जाळायला कर्जखतसुद्धा नव्हते. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात तीच माणसे पहिल्यांदा खडी फोडायला गेली. मंदीची शेवटची पायरी कायम आपल्याच वस्तीत असते. हे जातीचे अर्थशास्त्र आहे.

रुपयाचा प्रश्न आणि ओझ्याचा प्रश्न

पेढी बंद पडली म्हणून बाबासाहेबांनी अर्थकारणाकडे पाठ फिरवली का? नाही. ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ साली त्यांचा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. १५ डिसेंबर १९२५ रोजी त्यांनी हिल्टन यंग आयोगासमोर साक्ष दिली. ज्या माणसाचा शेअरबद्दलचा सल्ला मुंबईच्या गिऱ्हाइकांनी जात बघून नाकारला, त्याला सात वर्षांनी देशाच्या चलनावर मत विचारले गेले.

त्या ग्रंथातली तांत्रिक चर्चा बाजूला ठेवली तरी एक विचार प्रत्येक कार्यकर्त्याने घ्यावा. रुपयाचा दर उतरला की व्यापाऱ्याला, मालकाला फायदा होतो, असे त्या काळी मोठमोठी माणसे सांगत आणि तो देशाचा फायदा मानत. बाबासाहेबांनी विचारले, हा फायदा येतो कुठून? त्यांनी दाखवले की वस्तूंचे भाव आधी वाढतात आणि मजुरी मागून, तीही रखडत वाढते. मधल्या काळात जे अंतर पडते, तेच मालकाच्या खिशात जाते. फायदा हवेतून येत नाही, तो मजुराच्या ताटातून येतो.

हीच कसोटी सट्ट्याच्या शेअरला लावा. दहा हजारांचा शेअर साडेचोवीस हजारांना विकणाऱ्याला साडेचौदा हजार मिळाले. ते आले कुठून? कंपनीने ऑक्सिजन विकून मिळवले नाहीत, कारण ती ऑक्सिजन विकतच नव्हती. ते शेवटी घेणाऱ्याच्या खिशातून आले. ज्याला सर्वांत शेवटी बातमी कळते, तो सर्वांत शेवटी घेतो. आणि बातमी सर्वांत शेवटी कोणाकडे पोचते, हे या देशात जात आणि वर्ग ठरवतात.

औषध-यंत्रांचा सट्टा जास्त घातक का

सर्वच शेअर सारखे नसतात. साखर कारखान्याचा शेअर असेल तर आपण ऊस बघू शकतो, गाळप बघू शकतो. पण रक्त तपासणारे नवे यंत्र, कर्करोगावरचे नवे औषध, हृदयाच्या नळीत बसवायचे नवे उपकरण बनवणारी कंपनी वर्षानुवर्षे एक रुपयाचाही नफा करत नाही. तिचा भाव एका चाचणीच्या निकालावर किंवा एका परवान्यावर टांगलेला असतो. निकाल चांगला आला तर भाव दुप्पट, वाईट आला तर मातीमोल. तो निकाल आतल्या माणसांना आधी समजण्याची शक्यता असते, प्रयोगशाळेची भाषा समजणाऱ्यांना त्यानंतर आणि आपल्याला अगदी शेवटी. शिवाय आजारपण हा प्रत्येकाच्या घरातला विषय असल्याने आशा पटकन विकली जाते. ज्याच्या घरात आईला मधुमेह आहे त्याला मधुमेहावरच्या नव्या यंत्राची बातमी खरी वाटतेच.

अमेरिकेतल्या थेरानोस कंपनीचे उदाहरण जगाला माहीत आहे. एलिझाबेथ होम्स या तरुणीने २००३ मध्ये ती काढली. बोटातून काढलेल्या रक्ताच्या थेंबभर नमुन्यात असंख्य तपासण्या करणारे यंत्र आपल्याकडे आहे, असा तिचा दावा होता. कंपनीचे मोल ९ अब्ज डॉलरपर्यंत लावले गेले. संचालक मंडळावर अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री बसले होते. ऑक्टोबर २०१५ मध्ये 'वॉल स्ट्रीट जर्नल'ने छापले की कंपनी बहुतेक तपासण्या दुसऱ्यांच्या नेहमीच्या यंत्रांवरच करते. जानेवारी २०२२ मध्ये होम्स गुंतवणूकदारांच्या फसवणुकीबद्दल दोषी ठरली आणि त्याच वर्षी तिला ११ वर्षांहून अधिक तुरुंगवासाची शिक्षा झाली.

थेरानोस शेअर बाजारात नोंदलेली नव्हती, त्यामुळे तिथे बुडाले ते बहुतेक अतिश्रीमंत. पण एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. त्या कंपनीच्या तपासण्यांवर विसंबून राहिलेल्या सामान्य रुग्णांना चुकीचे अहवाल मिळाले. वैद्यकीय क्षेत्रातला सट्टा दोन ठिकाणी मारतो, गुंतवणूकदाराच्या खिशात आणि रुग्णाच्या शरीरात. आपला समाज यातल्या दुसऱ्या जागी आधीपासूनच उभा आहे. आता त्याला पहिल्या जागीही बोलावले जाते आहे.

दार उघडले, पण कोणते?

मार्च २०२० मध्ये देशात साधारण ४ कोटी डिमॅट खाती होती. मार्च २०२४ पर्यंत ती १५ कोटींवर गेली. आमच्या भागातली पोरे आता हॉटेलच्या बाकड्यावर बसून हिरव्या-लाल काड्या बघतात. कोणी डी.एड. करून बसला आहे, कोणी पोलीस भरतीत दोनदा हुकला आहे, कोणाची शिष्यवृत्ती नुकतीच जमा झाली आहे. मोबाइलवर टिप येते, अमुक फार्मा कंपनीला उद्या मोठी ऑर्डर मिळणार. पोरगा दोन हजार टाकतो. पाचशे रुपये सुटतात. मग कोणीतरी सांगतो, यात वेळ घालवू नकोस, ऑप्शनमध्ये ये.

पुढचा हिशेब सेबीनेच मांडला आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सेबीच्या अभ्यासानुसार तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या १ कोटीहून अधिक वैयक्तिक व्यापाऱ्यांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. त्यांचा एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांपेक्षा जास्त. २०२३-२४ मध्ये यातल्या ७५ टक्क्यांहून अधिक लोकांचे जाहीर वार्षिक उत्पन्न ५ लाखांच्या आत होते आणि ४३ टक्के लोक तिशीच्या आतले होते. त्याच वर्षी मोठ्या दलाल कंपन्यांनी स्वतःच्या खात्यावर आणि परदेशी गुंतवणूक संस्थांनी हजारो कोटी कमावले, तेही मुख्यतः संगणकाच्या गणितावर चालणाऱ्या व्यवहारांतून. बाकड्यावरच्या पोराचा सामना त्या संगणकाशी आहे, हे त्याला कोणी सांगत नाही.

आता कोणी म्हणेल, १९१८ आणि आज यात फरक आहे, अॅप कोणाची जात विचारत नाही. बरोबर आहे. बार्शी लाईटच्या तिकीटखिडकीनेही कोणाचा पैसा नाकारला नव्हता. प्रश्न पैसा आत जाण्याचा कधीच नव्हता. निर्णय कोण घेतो, माहिती कोणाकडे असते, हा प्रश्न आहे. २०१२ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त डी. अजित, हान डोन्कर आणि रवी सक्सेना यांचा अभ्यास आला. त्यांनी देशातल्या आघाडीच्या १००० कंपन्यांची संचालक मंडळे तपासली. जवळपास ९३ टक्के संचालक सवर्ण निघाले. अनुसूचित जाती-जमाती मिळून साडेतीन टक्के. आपला पैसा आत गेला, आपण बाहेरच राहिलो.

मग करायचे काय

पहिल्या टोकाला आमचे उत्तर असे. शेअर बाजाराला हात लावायचा नाही, ही भूमिका ऐकायला क्रांतिकारी वाटते, पण तिचा परिणाम मनूला हवा तसाच होतो. धनसंचय शूद्राने करू नये, हे कोणाचे म्हणणे होते? अर्थव्यवहाराचे ज्ञान विशिष्ट जातींच्या घरात जन्माने यावे आणि आपल्या घरात ते पापासारखे वर्ज्य असावे, हे आपण स्वतःहून का मान्य करावे? बाबासाहेबांनी पेढी काढली तेव्हा त्यांनी हेच नाकारले. १९२५ ते १९२८ या काळात बाटलीबॉय अकाउंटन्सी इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी व्यापारी कायदा शिकवला. व्यापाराची भाषा त्यांनी परकी मानली नाही.

दुसऱ्या टोकाला आमचे उत्तर जास्त कडक आहे. बाबासाहेबांनी सल्ला देणारी पेढी काढली, पैज लावणारा अड्डा काढला नाही. आणि गरिबाची सुरक्षितता त्यांनी बाजारावर सोडली नाही. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी पायाभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, विमा ही राज्याचीच मक्तेदारी असावी आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाचा आयुर्विमा असावा, अशी मांडणी केली. शिष्यवृत्ती वेळेवर मिळवण्यासाठी, रिक्त जागा भरण्यासाठी, प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर आणण्यासाठी जी लढाई करायची, तिची जागा कोणतेही ट्रेडिंग खाते घेऊ शकत नाही. सरकारने आपली जबाबदारी टाकून द्यावी आणि आपण त्याला 'स्वावलंबन' म्हणून टाळ्या वाजवाव्यात, हे आंबेडकरवादात बसत नाही.

तथागतांनी सिगालाला गृहस्थाचा धर्म सांगताना संपत्तीच्या नाशाची सहा दारे सांगितली. त्यात जुगार आहे. त्याच सुत्तात कमाईचे चार भाग करायला सांगितले आहेत: एक उपभोगासाठी, दोन उद्योगासाठी, चौथा अडचणीच्या दिवसासाठी राखून. धम्माने संपत्तीला नाही म्हटलेले नाही. त्याने आंधळेपणाला नाही म्हटले आहे.

म्हणून आम्ही मोडनिंब परिसरातल्या आणि इतर ठिकाणच्या कार्यकर्त्यांपुढे एक साधी सूचना ठेवतो. विहारातल्या अभ्यासवर्गात महिन्यातून एकदा एका कंपनीचा वार्षिक अहवाल वाचा. तो फुकट मिळतो. बी.कॉम. झालेला एखादा मुलगा किंवा मुलगी प्रत्येक वस्तीत असतेच, त्यांना शिकवायला बसवा. औषध किंवा वैद्यकीय यंत्राच्या कंपनीचा विषय निघाला तर हे पाच प्रश्न फळ्यावर लिहा.

एक, ही कंपनी आज नेमके काय विकते? नाव नको, विक्रीचा आकडा दाखवा.

दोन, यंत्राला किंवा औषधाला केंद्रीय औषध नियंत्रकाची परवानगी मिळाली आहे की मिळणार आहे? १ एप्रिल २०२० पासून आपल्या देशात सर्व वैद्यकीय उपकरणे औषधांच्या कायद्याखाली आली आहेत. 'मिळणार आहे' याचा अर्थ 'नाही' असाच धरा.

तीन, कंपनी नफ्यावर चालते की कर्जावर आणि आशेवर? प्रवर्तक आपले शेअर विकत तर नाहीत ना?

चार, टिप देणारा कोण? त्याची सेबीकडे नोंदणी आहे का? नोंदणी सेबीच्या संकेतस्थळावर तपासता येते. ऑक्टोबर २०२३ मध्ये सेबीने अशाच एका बिगरनोंदणी 'गुरू'च्या विरोधात अंतरिम आदेश काढून १७ कोटींहून अधिक रक्कम जमा करायला सांगितली. ती रक्कम त्याने बाजारातून कमावली नव्हती, शिकवणीच्या नावाखाली लोकांकडून गोळा केली होती.

पाच, हा पैसा कोणाचा? शिष्यवृत्तीचा, बहिणीच्या फीचा, बचत गटाच्या कर्जाचा, आईच्या औषधाचा असेल तर पहिल्या चार प्रश्नांची उत्तरे कितीही चांगली असोत, उठून घरी जा.

डाळिंबाचा क्रेट उघडून बघितल्याशिवाय आमच्याकडे कोणी सौदा करत नाही. वरच्या थराखाली डागी माल असतो, हे लहान पोरालाही माहीत असते. ही बुद्धी आपल्याकडे आहेच. ती कंपनीच्या ताळेबंदापर्यंत न्यायची आहे.

१९१८ मध्ये मुंबईच्या गिऱ्हाइकांनी आपल्या समाजातल्या सर्वांत शिकलेल्या माणसाचे ज्ञान नाकारले. आज बाजाराला आपल्या पोरांचे ज्ञान नकोच आहे, त्यांचे दोन-दोन हजार रुपये हवे आहेत. आधी शिका, मग संघटितपणे विचारा आणि तुमचे पैसे मागणाऱ्या प्रत्येकाकडे आधी हिशेब मागा. 'शिका' हा शब्द बाबासाहेबांनी पहिला ठेवला, त्याला कारण आहे.

जय भीम!